गोलसमोर उभा राहणारा वासिल

आमच्या गावच्या आइस हॉकी क्लबचा माणूस वासिलला माझ्या घरी घेऊन आला तेव्हा उन्हाळा संपत आला होता. हातात एक सूटकेस, खांद्यावर जवळजवळ त्याच्याएवढी बॅग आणि दोन स्टिक. लिफ्ट नेहमीसारखी बंद होती. चार मजले चढून आला, पण पोराला दम लागला नव्हता. धापा टाकत होता तो क्लबचा माणूस.

"मावशी, बूट कुठे काढू?" हे त्याचं पहिलं वाक्य.

बोलण्यावरूनच कळलं, पोरगा पार पूर्वेकडचा. स्निनाच्याही पुढे, युक्रेनच्या हद्दीला लागून त्याचं गाव. घरी ते लोक रुसिन बोलतात, त्यामुळे आमची स्लोव्हाक बोलताना त्याचे शब्द भलतीकडेच हेलकावे घ्यायचे. आमच्या टीममधली पोरं त्यावरून त्याची थट्टा करायची. मग तो कमी बोलायला लागला.

नवरा गेल्यापासून माझी मागची खोली क्लबच्या पोरांसाठी असते. आधीची पोरं गाणी लावायची, फोनवर मुलींशी भांडायची, फ्रीजमधलं सगळं संपवायची. हा घरात आहे की नाही तेच कळायचं नाही. चौदाव्या वर्षी घर सोडून कोशित्से शहरातल्या क्रीडा वसतिगृहात गेलेला. दुसऱ्याच्या घरात कमीत कमी जागा कशी व्यापायची हे तो तिथे शिकून आला होता. वडील तो लहान असतानाच कामासाठी चेकमध्ये गेले आणि तिकडचेच झाले. आई, ओलेना, ऑस्ट्रियात लिंझला एका म्हाताऱ्याची देखभाल करायची. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. पुढे म्हाताऱ्याची तब्येत ढासळली आणि तिचे तिकडचे आठवडे वाढत गेले.

तरुणांच्या लीगमध्ये वासिलने गोलांचा पाऊस पाडला होता. दुरून, वेगात येऊन, गोलकीपरला कळायच्या आत पक, म्हणजे ती रबरी चकती, जाळीच्या वरच्या कोपऱ्यात. त्यामुळे आमच्या गावाने त्याच्याकडे डोळे लावले होते. सगळ्यात जास्त एमिलने. एमिल माझ्या खालच्या मजल्यावर राहतो, रेल्वेतून निवृत्त झालेला. स्टेडियममध्ये माझ्या शेजारी, माझ्या नवऱ्याच्या खुर्चीवर बसतो.

"यंदा बघ, इर्मा," तो म्हणाला होता, "हा पोरगा आग लावणार."

आग कुठली लागायला? कोच क्रायचीने त्याला चौथ्या फळीत घातलं. चौथी फळी म्हणजे बाकावर बसून पाय गार करायचे आणि पुढच्या तिन्ही फळ्यांना दम लागला की मिनिटभर बर्फावर उतरायचं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, वासिलच्या नावावर एकही गोल नाही. तो दुरून शॉट मारायचा, गोलकीपर झेलायचा, आणि एमिल उठून ओरडायचा, "अरे ए पूर्वेकडच्या! गोल तिकडं आहे, तिकडं! नकाशा आणून देऊ का?"

आजूबाजूचे हसायचे. एकदा मी त्याला कोपर मारलं.

"ऐकू जातं त्याला."

"हेल्मेट घातलंय त्यानं. काय डोंबल ऐकू जातंय!"

त्या संध्याकाळी सूप पिता पिता वासिलने विचारलं, "मावशी, तुमच्या शेजारी बसतात ते काका कोण?"

"का रे?"

"आवाज खणखणीत आहे त्यांचा." एवढं बोलून त्याने मान खाली घातली.

सुटीच्या दिवशी तो दुपारी बाहेर पडायचा आणि अंधार पडायच्या आत परत यायचा. कुणी मैत्रीण मिळाली असेल म्हणून मला बरं वाटलं होतं. एकदा विचारलं तर म्हणाला, "बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत जातो. मग त्याच बसने परत येतो."

"तिकडे काय आहे? लाकडाची वखार?"

"काही नाही. बसमध्ये माणसं असतात."

नोव्हेंबरमध्ये क्रायचीने त्याला खोलीत बोलावलं. क्रायची तोंडाचा कडू, पण खोटं बोलणारा नव्हे. काय झालं ते वासिलने स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सांगितलं.

"म्हणाले, वासो, तुझा शॉट छान आहे. पण इथले गोलकीपर असले शॉट एका हातात चहाचा कप धरून अडवतात."

"मग काय कर म्हणाले?"

"गोलसमोर जाऊन उभा राहा म्हणाले."

"नुसता?"

"नुसता. गोलकीपरला काही दिसू द्यायचं नाही. मागून आपल्यापैकी कुणी शॉट मारला की पकला जाता जाता स्टिक लावून दिशा बदलायची. ते लोक ढकलतील, पाठीत दांडे घालतील. हलायचं नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर जानेवारीत खालच्या लीगमध्ये."

आमच्या लीगमधले बचावपटू कपाटाएवढे असतात. त्यांच्यामध्ये हा काडीसारखा. पहिल्याच आठवड्यात त्याची पाठ निळी-जांभळी झाली. मी कपाटातून औषध काढलं आणि त्याला पालथं झोपायला सांगितलं. त्याने मान वळवून डबीवरचं चित्र पाहिलं.

"हे घोड्यांचं आहे, मावशी!"

"घोड्यांना चालतं ते तुला का नाही चालणार?"

तो हसला. माझ्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच इतकं मोठ्याने. मग त्याने तोंड उशीत खुपसलं. त्याचे खांदे हलत होते, पण ते हसणं नव्हतं हे मला कळलं. मी मलम संपेपर्यंत चोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी एमिलचं दार वाजवलं. "तो पोरगा माझ्याकडे राहतो हे तुला माहीत आहे. तुझं ओरडणं त्याला ऐकू येतं हेही आता माहीत असू दे."

एमिल कानापर्यंत लाल झाला. दुपारी पिशवीभर टेनिसचे बॉल घेऊन माझ्या दारात हजर.

"तळघराचा बोळ लांबलचक आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मी फेकतो, त्यानं वळवावं. मोकळा असेल तर."

त्या थंडीत आमच्या तळघरात बटाट्यांची पोती, जुन्या सायकली आणि मुरंब्याच्या बरण्यांच्या मधोमध या दोघांची शाळा भरायची. एमिल बॉल फेकायचा, वासिल पाठमोरा उभा राहून अंदाजाने स्टिक लावायचा. "हलू नकोस! पाय रोव!" एमिलचा आवाज जिन्यातून वरपर्यंत यायचा. माझ्या आलुबुखारच्या दोन बरण्या फुटल्या. फोडल्या एमिलने, पण पुसायला वासिल धावला.

दोघांची मैत्री झाली असं मात्र म्हणता येणार नाही. बॉल संपले की एमिल आपल्या घरी आणि वासिल मागच्या खोलीत. नाताळच्या रात्री माझ्या मेजावर आम्ही दोघंच होतो. माझी मुलगी ब्रातिस्लावात, त्याची आई लिंझमध्ये. कोबीचं सूप प्यायलो, मासा खाल्ला. रीतीप्रमाणे न आलेल्या माणसासाठी मांडलेल्या जास्तीच्या ताटाकडे तो अधूनमधून बघत होता.

जानेवारीत एका सामन्यात आमच्या रिशोने लांबून जोरात शॉट मारला. रिशो आमचा बचावपटू, टीममधला सगळ्यात जुना. वासिल गोलसमोर उभा होता आणि त्याच्या पाठीवर एक धिप्पाड गडी चढला होता. दोघं कोसळले, पक जाळीत, लाल दिवा पेटला. माइकवरून रिशोचं नाव पुकारलं गेलं. सगळे रिशोला जाऊन बिलगले. वासिल बर्फावरून उठला, निसटलेलं हेल्मेट शोधलं, आणि त्या घोळक्याशी पोचला तोवर घोळका पांगायला लागला होता. त्याने बाहेरूनच रिशोच्या पाठीवर थाप मारली.

"इर्मा, पक पोराच्या मांडीला लागून आत गेला," एमिल म्हणाला.

"तू चष्मा तरी लावलायस का?"

"अगं, मी पाहिलं!"

घरी आल्यावर मी वासिलला विचारलं, "पक तुला लागला होता का रे?"

"सगळंच लागतं, मावशी. कुठलं काय लागलं ते कळत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मला हालुश्कीच्या उकडलेल्या गोळ्यांसाठी बटाटे किसून देत होता. फोन वाजला. त्याने ओल्या हातानेच कानाला लावला. "हो," म्हणाला. "बरं." मग "आभारी आहे," म्हणाला आणि फोन ठेवला.

"लीगवाल्यांनी चित्रफीत पुन्हा पाहिली. गोल माझा होता म्हणे."

मी हातातल्या झाऱ्यासकट त्याला मिठी मारली. तो अवघडून उभा राहिला. मग त्याने विचारलं, "आता काय करायचं असतं?"

"म्हणजे?"

"पहिला गोल झाला की सगळे येऊन डोक्यावर टपल्या मारतात. कुणीतरी तो पक आणून देतं, आई-वडिलांना पाठवायला." त्याने ओला फोन शर्टाला पुसला. "तो पक तर नंतर उडून लोकांत गेला. कुठल्यातरी पोराने घरी नेला असेल."

मी त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. दुसरं काय करणार? तो हसल्यासारखा झाला आणि उरलेला बटाटा किसायला लागला.

आईला त्याने फोन लावला, तो बंद. मेसेज केला नाही; स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं त्याला. संध्याकाळी तिचाच फोन आला. तो मागच्या खोलीत बोलत होता, दार उघडं होतं. रुसिन मला अर्धीमुर्धी कळते. तो बराच वेळ ऐकत राहिला आणि मधूनच म्हणत होता, "नको ग, आई. तू सगळं केलंस. नको रडूस."

बाहेर आला तेव्हा मी विचारलं, "सांगितलंस?"

"म्हातारा गेला आज सकाळी. चार वर्षं सांभाळलं तिनं त्याला." त्याने ग्लासात पाणी घेतलं आणि न पिताच ठेवून दिलं. "तिच्या रडण्यात हे कुठे सांगू?"

त्यानंतरच्या सरावाला रिशोने मात्र आरडाओरडा करून कपडे बदलायची सगळी खोली डोक्यावर घेतली. "चोर आला रे! भरदिवसा माझा गोल पळवला!" पोरांनी वासिलला ओले टॉवेल फेकून मारले. वासिलने रीतीप्रमाणे सगळ्यांना बिअर पाजली. पण दोन दिवस उशिरा झालेला आनंद होता तो. त्याने मला ही गोष्ट दुसऱ्या कुणाची सांगावी तशी सांगितली.

फेब्रुवारीत, दुसरं काम मिळेपर्यंतच्या मोकळ्या दिवसांत, ओलेना आली. ठेंगणी, हातांना भेगा पडलेली बाई. सामन्याला ती माझ्या आणि एमिलच्या मध्ये बसली. वासिल बर्फावर उतरला, थेट गोलसमोर गेला आणि उभा राहिला. एकाने त्याच्या कमरेत दांडा घातला. दुसऱ्याने मानेवर हात आवळला. ओलेनाने पर्स छातीशी धरली.

"हा पळत का नाही?" तिने मला विचारलं. "आमच्या गोठलेल्या तळ्यावर पळायचा तेव्हा कुणाला सापडायचा नाही तो."

"ताई, ते सगळ्यात अवघड काम असतं," एमिल मऊ आवाजात म्हणाला. एमिलचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"अवघड आहे ते मला दिसतंय. मी ते विचारलं नाही."

त्या दिवशी आम्ही जिंकलो. निर्णायक गोल झाला तेव्हा गोलकीपरच्या डोळ्यांपुढे वासिल उभा होता, म्हणून त्याला पक दिसला नाही. नाव दुसऱ्याचं लागलं. ते बरोबरच होतं. वासिलने पकला हातही लावला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला ओलेनाने बटाटे-चीज भरलेली पिरोही उकडली. तिने त्याच्या ताटात वाढत वाढत विचारलं, "तुला आवडतं का रे हे? नुसता मार खात उभं राहणं?"

वासिलने चमचा खाली ठेवला. "तुला त्या म्हाताऱ्याचं अंग पुसायला आवडायचं?"

"आधी नाही." ती विचार करून म्हणाली. "मग सवय झाली. पुढेपुढे वाटायला लागलं, दुसऱ्या कुणी केलं तर त्याला दुखेल."

"माझंही तसंच काहीतरी आहे, आई."

तिने वाढणं थांबवलं. मग तिने त्याचा शर्ट मागून वर केला, पाठ पाहिली, शर्ट नीट खाली ओढला आणि पुन्हा वाढायला लागली. सोमवारी ती ऑस्ट्रियातल्याच ग्राझच्या बसमध्ये बसली, तिथल्या एका आजारी बाईकडे.

खालच्या लीगमध्ये वासिल गेला नाही. त्या हंगामात त्याचे चार गोल झाले, सगळे हाताच्या अंतरावरून. पुढच्या हंगामात क्रायचीने त्याला वरच्या फळीत घेतलं. खांदे रुंदावले, हनुवटीवर टाक्यांची खूण आली. आता बचावपटू त्याला हटवायला दोघंदोघं येत. एमिल ओरडायचा, "उभा राहा, वासो! उभा राहा!" आणि त्याच्याबरोबर मागच्या दोन रांगा ओरडायच्या. रस्त्यात लोक त्याला ओळखायला लागले, हात मिळवायला लागले. हात मिळवून पुढे जायचे.

त्या वर्षी मे महिन्यात चेकमधल्या एका क्लबने त्याला मागितलं. त्याने खोली इतकी स्वच्छ करून दिली की कुणी राहून गेलंय असं वाटेना. दारात मी म्हटलं, "तिकडेही कुणाच्या तरी घरीच राहा रे. एकटा राहू नकोस."

"क्लबने फ्लॅट दिलाय, मावशी. दोन खोल्या आहेत. आई येईल राहायला, सुटी मिळाली की."

आई अजून गेलेली नाही. ग्राझच्या बाईला एकटं सोडवत नाही तिला. वासिल रविवारी फोन करतो, तेव्हा एमिल वर येऊन बसलेला असतो. गोल झाला असेल तर आधी एमिलला फोन द्यायला सांगतो, कारण एमिलला सगळं बारकाईने ऐकायचं असतं. मग मी काय शिजवलं ते विचारतो. मी सांगते. तो ऐकतो. पलीकडे त्याच्या घरात कुठलाच आवाज नसतो, म्हणून मी कालचं जेवणही सांगते.