सहावा ठसा

"पाच म्हणजे पाच," असं म्हणून सर आमच्या हातात कोरणी द्यायचे आणि आमचंच चित्र आमच्याकडून खोडून घ्यायचे.

हट्टी मास्तर तुम्हीही पाहिले असतील. आमचे सर परभणीच्या कलावर्गात ठसे काढायला शिकवायचे. लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ लादीच्या, तुकड्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची, पाच कागदांवर उमटवायचं. खाली पेन्सिलीनं १/५, २/५ असं लिहायचं. पाचवा निघाला की लिनोवर आरपार चर पाडायचा, म्हणजे सहावा काढायचा मोह नको.

"पण सर, आपले ठसे घ्यायलंय कोण?" मी एकदा विचारलं.

"येईल की कुणीतरी. त्याला पाच सांगितले आन् सहावा निघाला, तर तोंड काय दाखवायचं, पोरी?"

तो कुणीतरी आमचा अभ्यासक्रम संपेपर्यंत आला नाही.

कलेच्या इतिहासाचा तास जेवणानंतर असे. प्रोजेक्टर लावला की लाईट जायची. "दिसत न्हाई म्हणून काय झालं, आयका," म्हणत सर अंधारात चित्र सांगायचे. राणीच्या गळ्यातल्या मोत्यांवर पडलेलं खिडकीतलं ऊनसुद्धा सोडायचे नाहीत. लाईट आल्यावर खरं चित्र दिसायचं आणि आमचा जरा विरस व्हायचा.

दुसऱ्या वर्षी मी सरांचाच चेहरा कोरला. मिशी जमली, कान फसले. एक ठसा परीक्षेला गेला, एक प्रदर्शनात हरवला, तीन मैत्रिणींनी नेले. चर पाडायला मात्र माझा हात होईना. सरांनी कोरणी घेतली आणि स्वतःच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढली. "सोपं असतंय," म्हणाले.

गेल्या वर्षी सर वारले. घरी भेटायला गेले तेव्हा सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "ह्यांचा धड फोटो न्हाई बघ घरात. आधार कार्डावरचा हाय, त्यात चिडल्यावानी दिसायलेत. तू काढलेलं ते चित्र हाय का?"

चित्र नव्हतं, लिनो होता. घरी येऊन तो पुसला, शाई लावली, कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासला. सरांचा शब्द मोडताना वाईट वाटत होतं, पण काकूंना नाही म्हणवत नव्हतं. चेहऱ्यावर पांढरी रेघ उमटली. अगदी सरळ.

काकूंनी रेघेवरून बोट फिरवलं. "ही कुणी मारली?"

"सरांनीच."

"मग ऱ्हाऊ दे."

मी त्यांच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि खाली लिहिलं, ६/५.