निळा धूर आणि काकांचं जेवण

आमच्या काकांना धुराकडे बघण्याचा पगार मिळे. ऐकणाऱ्याला वाटे, काय मजेची नोकरी!

तांबं गाळायच्या कारखान्याला लागणारा कोळसा गावाबाहेरच्या सात भट्ट्यांत तयार होई. भट्ट्या दगडी, दोन पुरुष उंच, उपड्या घातलेल्या टोपल्यांसारख्या. आत लाकडं रचायची, पेटवायची, दार लिंपायचं आणि आठवडाभर नुसतं धुमसू द्यायचं. आधी धूर पांढरा येतो. ते लाकडातलं पाणी. तो विरळ आणि निळा झाला की कोळसा तयार. मग बुडाशी ठेवलेली सगळी भोकं ओल्या मातीनं बुजवायची. घाई केलीत तर लाकूड कच्चं, उशीर केलात तर राख. ही वेळ काका सांगत. तीस वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते, आणि हे ते कुणाला विसरूही देत नसत.

"अगं, धूर ओळखायला नजर लागते. तुझ्या चुलीचा धूर नव्हे हा," ते काकूला सांगत.

"माझा धूर डोळ्यांत जातो. तुमचा थेट डोक्यात गेलाय," काकू म्हणे.

एका सकाळी काका मेव्हण्याचा निळा शर्ट आपला करडा समजून घालून निघाले. काकू हसली. त्याच आठवड्यात चौथ्या भट्टीपाशी ते निळ्या धुराची वाट बघत बसले ते बसलेच. भट्टी उघडली तर निम्मी राख. काकांनी लाकडाला दोष दिला, वाऱ्याला दिला, चौथीच्या जन्मजात खोडीलाही दिला. काकूनं मात्र शर्ट आणि राख यांची बेरीज केली.

काका घरी आल्यावर तिनं विचारलं, "हा पडदा कुठल्या रंगाचा?"

"मळका."

"निळा आहे. परवाच धुतलाय."

काकांनी पडदा उजेडात धरून बघितला. मग म्हणाले, "मुकादमाला कळलं, तर मला पोती शिवायला बसवील."

टोमणा मारायला इतकी सोन्यासारखी संधी काकूला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. ती तिनं सोडली. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून सातही भट्ट्या दिसतात मला," ती म्हणाली. "निळा झाला की जेवायला हाक मारीन."

कुठली भट्टी पिकत आलीय हे काकांना दिवस मोजून ठाऊकच असे. अडे ते फक्त रंगापाशी. काकू ओरडे, "अहो, जेवायला चला!" की काका गंभीरपणे धुराकडे बघत आणि म्हणत, "बुजवा रे." मग घरी जाऊन पाच मिनिटं बसून येत. आता धूर काही जेवणाच्या वेळा पाळत नाही. काकांना कधी सकाळी आठला हाक येई, कधी चारला. एका दिवशी ते तीनदा जेवले. इतकं जेवणारा माणूस असा वाळका कसा, हे मात्र कुणी विचारलं नाही. राखही पुन्हा निघाली नाही.

मग काकू तापानं आडवी झाली. नेमकी पाचवी पिकत आलेली. काका भट्टीभोवती घिरट्या घालत होते. धूर त्यांना मळकाच दिसत होता. माणसं ओली माती हातात घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

एवढ्यात मागून मुकादमाचा राकट आवाज आला, "अहो, जेवायला चला!"

काकांनी मागे वळून बघितलं नाही. "बुजवा रे," एवढंच म्हणाले.

घरी येऊन ते काकूच्या उशाशी बसले. "मुकादमाला कळलंय."

काकू दचकून उठायला लागली. "कधीपासून?"

"पहिल्या हाकेपासून. सकाळी आठला कोण जेवतं, म्हणाला."

"मग? आता पोती?"

"छे. उद्या सहावी आहे." काकांनी तिच्या कपाळावरची पट्टी बदलली. "तेवढी लवकर बरी हो बाई. त्याची हाक ऐकून भूकच मरते."