पोटाचा रंग

ह्यांच्या दहाव्याला कावळा शिवेना. खारुन नदीच्या घाटावर पिंड मांडून बराच वेळ झाला होता. पुतण्याने माझ्या औषधपाण्याची हमी दिली, मग गळक्या गच्चीची दिली. कावळे झाडावर बसून ऐकत राहिले. शेवटी माझ्या थोरल्या नणंदबाई पुढे झाल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "माशांची पिल्लं वहिनी मोठी करते रे भाऊ. जाय आता." एक कावळा लगेच खाली उतरला. मला कोणी विचारलंही नव्हतं.

ह्यांची नोकरी उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये, हिशेब बघण्याची. संध्याकाळी कॉलरवर लोखंडाची धूळ घेऊन यायचे आणि हातपाय धुऊन थेट मागच्या खोलीतल्या समुद्रात. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरापासून खरा समुद्र इतका लांब, की ह्यांनी पाकिटातलं मीठ कालवून तो घरीच काचेच्या टाकीत केला होता. त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची जोडी. मादी ह्यांच्या बोटाला चावायची आणि हे पाहुण्यांना ते बोट कौतुकाने दाखवायचे. मी शेजारी पुस्तक घेऊन बसायची. आमचा संसार असा शांतपणे, एकमेकांकडे फारसं न बघता, छान चालला होता.

जोडी अंडी घालायची, पिल्लं निघायची आणि दर वेळी एकाच पायरीवर मरायची. सुरुवातीला त्यांना हलणारं, जिवंत अन्नच लागतं. जरा वाढली की आर्टेमिया देतात. डब्यातली अंडी खाऱ्या पाण्याच्या बाटलीत उबवली की निघणारे, नारिंगी ठिपक्यांएवढे जीव. पण तेवढ्यावर पिल्लांचं पोषण होत नाही, म्हणून त्यांना हळूहळू कोरड्या भुकटीवर आणायचं. सकाळी उपाशीपोटी आधी भुकटी, मग थोडे आर्टेमिया, आणि ते रोज आणखी कमी. ह्यांना हे तोंडपाठ होतं. पण पिल्लांनी भुकटी थुंकली की ह्यांचाच जीव कासावीस व्हायचा आणि अख्खी बाटली टाकीत रिकामी व्हायची. ताटावर बसलेल्या माणसाला तिसरी पोळी वाढताना "नको" ऐकू न येणारं हे घराणं. माशांनाही तोच न्याय.

ही शेवटची पिल्लं अंड्यातून निघाली आणि त्याच आठवड्यात हे गेले. आता ती भुकटीच्या वयाला आली होती. ती जगली नाहीत तर घाटावर दिलेला शब्द वाया जाणार होता. शब्द नणंदबाईंचा होता, पण पाळायचा मला होता.

मी ह्यांची पुस्तकं वाचून काढली. भुकटी कापडातून चाळून बोटाच्या चिमटीने सोडायची, उरलेली नळीने ओढून घ्यायची. पिल्लं एकेक कण तोंडात घेत आणि परत बाहेर टाकत. असं रोज चाललं. इतकी हट्टी कशी, म्हणून मी एका सकाळी भिंग घेऊन बसले. भुकटीचा कणही टाकायच्या आधी सगळ्यांची पोटं नारिंगी दिसत होती. माझी नजरचूक होणं शक्य नव्हतं. आर्टेमिया खाल्ल्याशिवाय तो रंग येत नाही.

नणंदबाई दहाव्यानंतर माझ्याकडेच राहिल्या होत्या, आणि त्या पहाटे उठतात. मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. त्यांनी आधी गॅस बारीक केला.

"लेकरं उपाशी ठेवून राहिली तू. मले पाहवत नाही."

मी म्हटलं, "ताई, ह्यांनाही पाहवत नव्हतं. म्हणून तर एकही जगलं नाही."

त्यांनी चहा गाळून कप माझ्यापुढे सरकवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अन् तू? भाऊ गेला तेव्हापासून चहा अन् बिस्कुटावर आहेस. तुह्या पोटाचा रंग काचेतून दिसत नाही म्हणून काय झालं?"

मग आमचं ठरलं. माझ्या पुढ्यात ताट आणि टाकीत भुकटी एकाच वेळी पडणार. मी जेवेपर्यंत त्यांनी बाटलीला हात लावायचा नाही. नणंदबाई टाकीसमोर स्टूल टाकून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायच्या. मी मुद्दाम हळू जेवायची. त्या दोन्हीकडे बघायच्या आणि कोणावर जास्त चिडावं हे त्यांना ठरवता यायचं नाही. मला पहिल्यांदा भात गेला, नंतर पोळी गेली. वरण कुणाच्याच घशाखाली उतरेल असं नव्हतं. माझ्या हातून मीठ जास्त पडायचं, बहुतेक टाकीच्या सवयीने.

मग एका दुपारी एका पिल्लाने कण थुंकला, वळून आला आणि पुन्हा घेतला. या वेळी गिळला. नणंदबाईंनी मला हाक मारली नाही, नुसतं पदराला ओढलं. हळूहळू पोटं तपकिरी होत गेली. काही पिल्लं गेली, पण बरीच टिकली आणि त्यांच्या अंगावर पहिला पांढरा पट्टा उमटला. आर्टेमियाचा डबा संपला तेव्हा नवा मागवावा लागला नाही.

नणंदबाई आपल्या घरी जाताना तो रिकामा डबा ओव्यासाठी घेऊन गेल्या. आता रोज फोन येतो. आधी विचारतात, "खाल्लं का?" मी पिल्लांचं सांगायला लागते, तर म्हणतात, "त्यांचं नाही विचारून राहिली मी."