वरच्या गावची उमेदवार

आमच्या आत्याची लाँड्री आहे. दवाखान्याच्या चादरी तिच्याकडे येतात आणि डोळे दिपतील अशा पांढऱ्या होऊन जातात. या धंद्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. मी भाची आहे म्हणून म्हणत नाही, बरं का. म्हणजे, म्हणूनही म्हणते.

त्या वर्षी चादरींना निळसर झाक यायला लागली. रंगीत कपडे मिसळले गेले असतील म्हणून आत्याने आधी स्वतःलाच शिव्या घातल्या. मग कळलं, लाँड्रीला ज्या नदीचं पाणी येतं, तिच्यात वरच्या गावातला रंगाचा कारखाना सांडपाणी सोडतोय. तिथे निवडणुकीला उभी राहिलेली एक नर्स ते बंद करीन म्हणत होती. आत्याने तिला देणगी पाठवली.

घरात भडका उडाला, कारण आमच्या वॉर्डात खुद्द बाबा उभे होते.

"सख्ख्या भावाला दमडी नाही आणि परक्या मतदारसंघात दानधर्म?"

"तुला मत देतेय की. तिथं मला मत नाही, मग दुसरं काय देऊ?"

वरच्या गावात बोंब झालीच, बाहेरचा पैसा, बाहेरची लुडबूड. आत्या मला घेऊन थेट नर्सच्या सभेत गेली, निळी पडलेली चादर सगळ्यांसमोर पसरली आणि म्हणाली, "पैसे मी दिलेत. यासाठी दिलेत. मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

एक म्हातारे गृहस्थ उठले. "आणि उद्या कारखान्याच्या मालकानं तुमच्याकडच्या उमेदवाराला पैसे दिले तर? चालेल?"

आत्याने आधी पसरलेल्या चादरीकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "देऊ दे. पण माझ्यासारखं समोर येऊन सांगावं, कशासाठी ते."

परतीच्या बसमधून उतरल्यावर आत्या स्वतःच्या घरी गेलीच नाही. आमच्या घरी येऊन चपलाही न काढता बाबांपुढे उभी राहिली. "खरं सांग, कारखानेवाल्यानं तुला दिलेत?"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "सगळेच घेतात गं, ताई."

"मग सांग ना सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी चौकातल्या सभेत बाबांनी माइक घेतला. "रंगाच्या कारखान्यानं मला पैसे दिले होते. नदीबद्दल तोंड उघडू नये म्हणून. आज सकाळी परत केले."

कार्यकर्त्यांचे चेहरे पडले. निवडणूक तिथेच हातची गेली, हे मलाही कळलं. पण खोटं कशाला बोलू, माझी मान इतकी ताठ कधीच झाली नव्हती.

मागे गर्दीत आत्या डोळे पुसत शेजारच्या बाईला सांगत होती, "भाऊ आहे माझा. धाकटा."