रिकाम्या टोपलीची उपकारस्तुती

जळगावच्या स्टँडवरून धुळ्याची लाल गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल आणि देवाचे सात गुण होते. वहीत शाईने एकाखाली एक लिहिलेले: पवित्र, सर्वज्ञ, सर्वव्यापी, सर्वसमर्थ, न्यायी, कधीही न बदलणारा आणि शेवटी चांगला. पहिल्या सहांखाली पानभर मजकूर होता. सातव्याखाली काहीच लिहवलं नव्हतं.

माझी पत्नी शांता जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून मी प्रार्थना केली नव्हती. रविवारी चर्चमध्ये नुसते ओठ हलवायचो, आणि तीस वर्षं संडे स्कूल चालवलेल्या माणसाचे ओठ कोण तपासतो? साक्रीच्या पलीकडे डोंगरात पाळक म्हणून गेलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने हंगामाच्या उपकारस्तुतीला (पीक घरी आल्यावर देवाचे आभार मानण्याचा सण) बोलायला बोलावलं. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून हो म्हटलं.

शेजारी पागोटेवाले एक आबा होते. "कथा चालनात भाऊ?" (कुठे निघालात?) त्यांनी विचारलं.

"साक्रीच्या पुढे. देवाविषयी बोलायला."

"मंग इतलं लांब काब्र? देव जयगावले नई का?" (मग इतकं लांब कशाला? देव जळगावला नाही का?)

पारोळा यायच्या आतच माझ्या तिसऱ्या, सर्वव्यापी या गुणाची परीक्षा झाली होती आणि मी नापास झालो होतो. आबांनी मला शेंगा दिल्या.

धुळ्याला गाडी बदलली. साक्रीनंतर रस्ता डोंगरात शिरला आणि मी सावरून बसलो. कापणी झालेली खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी वर गेली होती, त्यांच्या वर जंगल, जंगलाच्या वर उघडे कडे, आणि त्या सगळ्यावर एवढं आकाश की मान दुखेपर्यंत बघावं. हे ज्याने केलं त्याच्याशी आपण आठ महिने बोललेलो नाही, असं मनात आलं. शेवटचे दोन कोस चालत जायचे होते. त्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला, म्हणून देवाचा वक्ता गावात अनवाणी पोचला.

पाळकाकडे नागलीची (नाचणीची) भाकर आणि उडदाची डाळ जेवलो. सकाळी लवकरच उपासनेच्या घरात गेलो. मातीच्या भिंती, कौलं, शेणाने सारवलेली जमीन. पुढे ओळीने टोपल्या मांडलेल्या होत्या: भात, नागली, वरई, भुईमूग. त्यांत एक टोपली अगदी रिकामी. कोणी बाई भरायला विसरली असेल आणि चार लोकांत लाजेल, असं मला वाटलं. मास्तरकीची खोड जात नाही. मी शेजारच्या दोन टोपल्यांतून ओंजळ ओंजळ नागली काढून तिच्यात घातली आणि स्वतःवर खूश झालो.

मंडळी जमली. एक म्हातारी पुढे आली आणि टोपलीपाशी थबकली.

"मनी टोपली कोनी भरी?" (माझी टोपली कोणी भरली?)

"मी भरली, अक्का. रिकामी होती म्हणून."

"रिकामीच आनी मी. डुकरेसनी बठ्ठी नागली खायी टाकी. देवले माहीत शे. मंग दुसरानी नागली दखाडीसन त्याले फसाडू का?" (रिकामीच आणली मी. डुकरांनी सगळी नागली खाऊन टाकली. देवाला माहीत आहे. मग दुसऱ्याची नागली दाखवून त्याला फसवू का?)

तिने नागली जिथली तिथे परत ओतली. पाळक माझ्या कानाशी म्हणाला, "सर, सोमीअक्काचं बरोबर आहे. ही इथली रीत आहे. ज्याचं पीक गेलं त्यानेही टोपली आणायची, रिकामीच. आधी ती देवापुढे ठेवायची. प्रार्थना झाल्यावर मग सगळे तिच्यात घालतात."

सर्वज्ञ या शब्दावर माझ्या वहीत पानभर मजकूर होता. सोमीअक्काने तो गुण टोपलीत घालून आणला होता. मला माझी लाज वाटली.

बोलायला उभा राहिलो. सहा गुण झाले. सातव्याखालचं पान कोरं होतं. मी वही मिटली.

"माझीही टोपली रिकामी आहे," मी म्हणालो. "माझी शांता गेल्यापासून मी प्रार्थना केलेली नाही. देव चांगला आहे, हे आज मला म्हणता येत नाही."

कोणी दचकलं नाही. मी डोळे मिटले. "प्रभू, मी तुझ्यावर रागावलोय. तुला माहीतच आहे." एवढंच सुचलं. पण ते कोणी तरी ऐकत होतं. अगदी जवळून ऐकत होतं. मी गुडघ्यांवर बसलो.

डोळे उघडले तेव्हा लोक उठले होते. एकेक जण आपल्या टोपलीतली ओंजळ सोमीअक्काच्या टोपलीत घालत होता. बघता बघता तिची टोपली शिगोशीग भरली. मग अक्काने तिच्यातली एक ओंजळ उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"ले बाबा. तुनी बी रिकामीच शे ना?"

मी रुमाल पसरला.

परतीच्या गाडीत ती पुरचुंडी मी मांडीवर धरून बसलो होतो. शांता नसल्याचं दुःख तसूभरही कमी झालं नव्हतं. फक्त ते आता माझं एकट्याचं राहिलं नव्हतं. घरी आल्यावर शांताचा पिठाचा डबा काढला. आठ महिने तो रिकामा पडला होता. त्यात रुमाल रिकामा केला तर नागलीने तळही पुरता झाकला नाही. मी डबा तसाच उघडा देवापुढे ठेवला आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने जेवणाआधीची प्रार्थना म्हटली.