एकाच पलटणीतले दोघे

आमच्या वस्तीवरचे दोघं एकाच पायदळ पलटणीत होते. एक माझे मालक, दुसरा माझ्या चुलत सासूबाईंचा, म्हणजे काकींचा मुलगा. नगर जिल्ह्यातल्या कर्जतपासून आत, ओढ्याकाठी आमची दोनच घरं. पूर्व पाकिस्तानात आपसातच लढाई पेटली, माणसांचे लोंढे सरहद्द ओलांडून आपल्याकडे येऊ लागले, आणि ऐन पावसाळ्यात ही पलटण तिकडं हलवली. याहून जास्त आम्हाला ठाऊक नव्हतं.

थंडीत आपलंही युद्ध सुरू झालं. काकी आणि मी सरपंचांच्या ओसरीवर रेडिओ ऐकायला जायचो. गावांची नावं सांगायचे, पण आपली माणसं त्यातल्या कुठल्या गावाजवळ आहेत, ते कोण सांगणार?

युद्ध थांबल्याचं ऐकलं, तरी दोघांचीही खबर नव्हती. एका सकाळी आम्ही ज्वारीची राखण करत होतो. नगरच्या बाजूनं लष्करी जीप धूळ उडवत आली. काकींनी माझा दंड गच्च धरला.

"तिकडं बघू नगं पोरी. जाईल निघून."

जीप आमच्याच बांधाशी थांबली. उतरलेल्या सुभेदारानं आडनाव घेतलं आणि जवानाचं घर विचारलं. आडनाव दोन्ही घरांचं एकच. मीच म्हणाले, "दोघं हायेत. तुमाला कोन पायजे?"

त्यानं बापाचं नाव सांगितलं. माझ्या सासऱ्यांचं होतं.

"जिवंत आहे, बाई. मांडीत गोळी लागलीय. पुण्याच्या इस्पितळात आणलंय."

"आन् माजा?" काकींनी विचारलं.

"त्याचं मला काही सांगितलेलं नाही, आई."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं पुण्याला गेलो. मला पाहून मालकांचे डोळे भरले, पण ते बोलले काकींशी.

"कालव्याच्या बांधावर दुश्मनाची मशिनगन हुती. चिखलातनं पळता येत न्हवतं. म्होरली रांग आडवी झाली, मी बी पडलो. तुमच्या पोरानंच मला वढत मागं आनलं. आन् परत म्होरं गेला."

"मंग?"

"मंग मला न्हाई दिसला, काकी."

परतल्यावर गाडीचा आवाज आला की काकी कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसायच्या. मीही त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. शिमग्याच्या सुमाराला काकींचा मुलगा चालत आला, डोक्यावर ट्रंक घेऊन. पलटण तिकडंच होती, धाडलेलं पत्र पोचलंच नव्हतं. काकींनी त्याचे हात, पाय, पाठ चाचपून पाहिली. रडल्या नाहीत.

त्याच उन्हाळ्यात तो पुन्हा रजेवर आला. मालकही लंगडत का होईना, घरी आले होते. विहीर आटली म्हणून खाली खडक फोडायचं काम चाललं होतं. पहिला सुरुंग उडाला आणि मालकांनी मला खेचून जमिनीवर पाडलं, वर स्वतः आडवे झाले. पलीकडं काकींचा मुलगाही मातीत तोंड खुपसून पडला होता. कामावरची माणसं हसली, मग पहारी टाकून धावत आली. मालक उठले. तो उठेना, नुसता थरथरत होता. काकी त्याच्याशेजारी मातीत आडव्या झाल्या, पाठीवर हात ठेवून.

"उठू नगं. मी हाय हितं."

पुढं सुरुंग लावायच्या आधी माणूस घरी सांगायला यायचा. मग काकी मुलाला घेऊन लांब माळावर जायच्या. रजा संपल्यावर तो पलटणीत परत गेला, आणि काकी पुन्हा सरपंचांच्या ओसरीवर रेडिओपाशी जाऊन बसू लागल्या.