मास्तरणीचा अभिप्राय

मास्तरीण पुस्तकातल्या माणसांशी भांडायची. खरंखुरं भांडण, शेजारणीशी करावं तसं. एका कादंबरीतल्या बाईनं सख्ख्या बहिणीला दारातून परत पाठवलं, तर ही दोन दिवस धुसफुसत होती. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तिच्या घरचं पाणी नाही पेत मी आता." मला वाटलं, आमच्या ब्लॉकमधल्या कोणाबद्दल बोलते. मी पण दोन दिवस खालच्या मजल्यावरच्या बाईशी बोललो नाही. मग कळलं की बाई पुस्तकातली होती.

मास्तरीण म्हणजे माझी बायको. कोणत्या शाळेत तिनं एक दिवस शिकवलं नाही. अकरावीपर्यंत शिकली होती, भंडाऱ्याकडे, आणि तेव्हा आमच्या ब्लॉकमध्ये तेवढी शिकलेली दुसरी कोणी नव्हती. म्हणून नाव पडलं ते पडलं. मी चौथी पास, इकडे छत्तीसगडातल्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, कामगार. गावाकडून पत्र आलं की मी एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचायचो. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात तिनं ते पाहिलं. हसली नाही. पुढे कधी माझ्या हातातून पत्र ओढून घेऊन वाचून दाखवलं नाही. माझं वाचून होईपर्यंत थांबायची, मग विचारायची, आईची तब्येत काय म्हणते. हे आधी लिहून ठेवतो. पुढे मी तिच्याशी काय केलं ते वाचताना हे तुमच्या ध्यानात राहिलं पाहिजे.

तिचं एक वाचनमंडळ होतं. आठ-दहा बायका, सगळ्या नागपूर-गोंदियाकडच्या, कोणी कारखान्याच्या सेक्टरमध्ये, कोणी हुडको कॉलनीत, एक खुर्सीपार वस्तीतली. नागपूरला जाईल तिनं येताना दोन पुस्तकं आणायची. मास्तरीण त्यांना सिमेंटच्या पोत्याच्या कागदाचं कव्हर घालायची आणि मागे पाच-सहा कोरी पानं दाभणानं शिवायची. पुस्तक घरोघरी फिरायचं. वाचलं की मागच्या पानावर अभिप्राय लिहायचा, मगच पुढच्या घरी द्यायचं. नियम तिचेच होते. म्हणायची, "गोष्ट लिवू नका. गोष्ट तर पुस्तकात हायेच. वाचून तुमाले काय झालं ते लिवा." दुसरा नियम असा की मागच्या पानावरचं घरच्या माणसांना सांगायचं नाही. आणि एक रीत त्यांनी आपोआप पाडली होती. मंडळातली बाई गेली, तर पुढच्या बैठकीत हार-फुलं काही नाही. तिनं लिहिलेल्यातला एक अभिप्राय वाचून दाखवायचा, चहा घ्यायचा आणि उठायचं.

मी घरचा माणूस, पण मी मंडळात नसून होतो. कारण मी जेवायला बसलो की ती समोर बसून मोठ्यानं वाचायची. कोणती पण शिफ्ट असो, माझ्या जेवणाला पुस्तक ठरलेलं. पोलीस बोलला की आवाज जाड, सासू बोलली की नाकातून. मधेच थांबून पुस्तकातल्याला झापायची. "अरे कावून जातं तिथं? मरशील ना." मी म्हणायचो, अवं, तो काही ऐकून राहिला का तुझं? पुढे वाच. अशी मी किती पुस्तकं ऐकली, मोजली नाहीत.

आता माझं सांगतो. मी दारू प्यायचो. ओव्हनच्या धगीतून बाहेर आलं की गळा कोरडा पडतो, हे कारण आम्ही सगळेच सांगायचो. खुर्सीपारला बसून दोघं-तिघं प्यायचो आणि घरी यायचो. मारझोड कधी केली नाही. हे मी वर्षानुवर्षं मोठेपणानं सांगत आलो. आता सांगताना तोंड कडू होतं. सोडली ती रिटायर झाल्यावर, आणि ती पण डॉक्टरनं पोटाचा फोटो दाखवला म्हणून. तिच्यासाठी नाही सोडली.

छत्तीसगड राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. मंडळात एक भाषांतरित कादंबरी आली. अमेरिकेत एकेकाळी सरकारनं दारू बंद केली होती, त्या दिवसांतली. दारू बंद झाली म्हणून एक साधा गाडीवान चोरून दारू पोचवायला लागतो, मग टोळी बांधतो, माणसं मारतो, मोठा होतो. मला फार आवडली. गोळ्या, मोटारी, बर्फाच्या लाद्यांखाली लपवलेल्या बाटल्या. त्याची बायको घरात मोरीवर बसून बाटल्या धुते, पोलीस आले की दारात उभी राहून सांगते, ते घरी नाहीत. मी जेवता जेवता म्हणायचो, वा, बाई पक्की आहे. मास्तरीण त्या बाईशी भांडत नव्हती. तिचं बोलणं आलं की आवाज न बदलता वाचायची. मला तेव्हा काही कळलं नाही.

तिनं अभिप्राय लिहिला आणि पुस्तक बोरकरबाईकडे गेलं. बोरकरबाई म्हणजे तिची जवळची मैत्रीण, माहेर वर्ध्याकडचं. तिनं लिहिलं होतं, "आमच्या माहेरी दारूबंदी आहे. लेखकाने एवढ्यासाठी अमेरिकेत जायची गरज नव्हती." आणि मास्तरणीनं काही वेगळं लिहिलंय हे मला कसं कळलं? बोरकरबाईचा नवरा बोरकर माझ्याच शिफ्टला होता आणि एक दिवस गेटवर, सायकली काढताना, चारचौघांत तो मला म्हणाला, "का बे, तुही बायको तुले गुंड लिवते म्हणे पुस्तकात." सगळे हसले. मी पण हसलो. सायकल घरापर्यंत कशी आली ठाऊक नाही.

पुस्तक तोवर आणखी दोन-तीन घरं फिरून आमच्याकडे परत आलं होतं, पुढच्या घरी जायला. मी मागचं पान उघडलं आणि बोट ठेवून वाचायला लागलो. तिचं अक्षर मोठं, मोकळं. लिहिलं होतं:

"या पुस्तकातला माणूस मला ओळखीचा वाटला. तो जिना चढतो तेव्हा बायको स्वयंपाकघरातून पावलं ऐकते. पावलांवरून तिला कळते की आज काय होऊन आला आहे. मी पण ऐकते. वीस वर्षं झाली, माझे कान आता चुकत नाहीत."

तिथं पान संपलं. मी पुस्तक मिटलं. मास्तरीण दारात उभी होती, हात पिठाचे. मी म्हणालो, "फाड हे."

ती म्हणाली, "पूर्ण वाचलं का तुम्ही?"

"मले जेवढं कळाचं तेवढं कळलं. फाड."

ती भांडेल असं वाटलं होतं. जी बाई कागदातल्या माणसांना सोडत नव्हती, ती मला काय सोडणार? मी तयारीत होतो. पण तिनं हात धुतले, पुसले, पान शिवणीलगत नीट फाडलं, गॅसच्या आचेवर धरलं आणि राख मोरीत टाकून त्याच आचेवर चहाचं भांडं ठेवलं. मग पेन घेऊन पुढच्या कोऱ्या पानावर लिहिलं, "पुस्तक वाचले." खाली सही.

त्यानंतर तिनं शेकडो पुस्तकं वाचली असतील. प्रत्येकाच्या मागे एकच शब्द. "वाचले." मंडळातल्या बायकांना वाटलं, संसारात थकली. मला जेवताना वाचून दाखवणं तिनं बंद केलं नाही. बंद केलं असतं तर बरं झालं असतं. वाचायची, पण आकाशवाणीवर बातम्या देतात तसं. पोलीस, सासू, चोर, सगळ्यांचा आवाज एक. मधे थांबणं नाही, कोणाला झापणं नाही. मी ते ऐकत अठरा वर्षं जेवलो. एकदा म्हणू शकलो असतो, मास्तरीण, चूक झाली, लिही तुला काय लिहायचं ते. नाही म्हटलं. लेकीचं लग्न झालं, ती रायपूरला गेली, आम्ही सेक्टरचं क्वार्टर सोडून हुडकोत आलो, मी दारू सोडली, आणि तरी नाही म्हटलं.

गेल्या पौषात ती गेली. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी छातीत भरलं. तेराव्याला लेक म्हणाली, "बाबा, मेरे साथ चलो." मी गेलो नाही.

महिन्यानं बोरकरबाई घरी आली. बोरकर जाऊन चार वर्षं झाली, गुडघ्यामुळं तिला जिना चढवत नाही, तरी चढून आली. मंडळात आता सहाच बायका उरल्यात. म्हणाली, रविवारी बैठक आहे, मास्तरणीचा अभिप्राय वाचायचा आहे, आणि तिच्या मते तो त्या अमेरिकेतल्या दारूवाल्या पुस्तकातलाच पाहिजे. तसा कोणी कधी लिहिला नाही. कपाटातून तिनं स्वतः पुस्तक शोधून काढलं, मागची पानं उलटली, शिवणीत राहिलेली कागदाची धार बोटानं चाचपली आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी, पान कुठं गेलं?"

मी म्हणालो, पुस्तक जुनं झालं, वाळवी लागली असेल.

"वाळवी एकच पान खाते का?"

ती पुस्तक घेऊन गेली. जाताना म्हणाली, मंग तिचं एखादं "वाचले" वाचून दाखवू, दुसरं काय आहे.

ते माझ्या मनातून हटेना. तेवढी वाचणारी बाई, आणि तिच्या मागे बैठकीत उभं राहून कोणी म्हणणार, वाचले. आणि मग सगळे चहा पिणार. मी भाजी आणायला निघालो की वाटेत तेच, आंघोळीला बसलो की तेच. रविवारी सदरा घातला आणि बोरकरबाईच्या घरी गेलो. बायकांच्या बैठकीत पुरुष कधी बसला नव्हता. त्यांनी मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. म्हणालो, "पान मी फाडाले लावलं. वाळवी-गिळवी काही नाही. बोरकर गेटवर बोलला, मले लाज वाटली, म्हणून तिच्याच हातानं फाडाले लावलं. त्याच्यानंतर तिनं लिवलं नाही ते माह्यामुळं."

मला वाटलं, आता निघावं. बोरकरबाई म्हणाली, "बसा. माहं बी ऐका. घरच्या माणसाले सांगाचं नाही असा नियम होता, आन् मी आमच्या ह्यायले सांगितलं. गंमत म्हणून. तुमच्या घरी काय झालं ते मले दुसऱ्या पुस्तकातच समजलं, तिचं नुसतं 'वाचले' पाहून. मी बी तोंड उघडलं नाही." मग म्हणाली, "तुम्ही मागची बाजू वाचली होती का?"

मी म्हणालो, कोणती मागची बाजू?

मग तिनं सांगितलं. शब्द न् शब्द आठवत नव्हता, थांबून थांबून सांगितलं. पानाच्या मागे मास्तरणीनं लिहिलं होतं की मला त्या माणसाचा राग आला नाही, त्याच्या बायकोचा आला. ती बाटल्या धुते, पोलिसांना खोटं सांगते आणि वर म्हणते मी काय केलं. मी पण तेच करते. शिफ्टला निरोप पाठवते की यांचं पोट बिघडलं. लेकीला सांगते, बाबा थकले आहेत, आवाज करू नको. टोळी एका माणसाची नसते, आम्हा दोघांची आहे. वाचून झाल्यावर मी ठरवलं की आता निरोप पाठवणार नाही, कोणासमोर झाकणार नाही, यांच्याशी समोर बसून बोलणार.

म्हणजे ती माझ्यावर बोट ठेवत नव्हती. झाकणं थांबवायचं असं तिनं ठरवलं होतं, कागदावर लिहून, सही करून. आणि मी तिला म्हटलं, फाड. म्हणजे आणखी एकदा झाक. तिनं झाकलं.

खुर्सीपारची नंदा सिस्टर, दवाखान्यातून रिटायर झालेली, पान गेल्यावर ते पुस्तक सगळ्यात आधी वाचणारी होती. तिनं तेव्हा लिहिलं होतं, "खून फार आहेत, स्वयंपाक करताना वाचू नये." ती म्हणाली, "ते पान राहिलं असतं तं मी बी काही दुसरं लिवलं असतं. माह्या घरी बी तेच होतं ना भाऊजी. पण पान नव्हतं. मंग मी स्वयंपाकाचं लिवलं." कोणी हसलं, मग थांबलं.

बोरकरबाईनं कागद घेतला. तिघी-चौघींनी मिळून, एकीनं सांगून, दुसरीनं दुरुस्त करून, मास्तरणीचं लिहिलेलं जमेल तसं परत उतरवलं. पुढची बाजू मी सांगितली. ती मला पाठ होती. मग एकीनं उभं राहून ते सगळं वाचलं. चहा आला. मी उठायला लागलो तशी बोरकरबाईनं पुस्तक आणि पेन माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, तुम्ही हे पुस्तक ऐकलं हाये ना पूर्ण? मंग लिवा. नियम हाये.

मला वेळ लागला. कोणी घाई केली नाही, कोणी हातातून पेन घेतलं नाही. मी लिहिलं ते असं:

"पुस्तक बायकोनं वाचून दाखवलं. चांगलं आहे. पण लेखकानं त्या माणसाला शेवटी पोलिसाच्या गोळीनं मारलं हे मला पटलं नाही. त्याच्यात त्याची सुटका झाली. त्याला मारायला नको होतं. बायको आधी जायला पाहिजे होती, आणि तो म्हातारा व्हायला पाहिजे होता."